‘औषध काही घेतलं नाही’

त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे बसलेल्या वैद्याला सर्वाधिक वेळा विचारावा लागणारा प्रश्न खाजेसंबंधीचा नसतो. अंगावर हे उठण्यापूर्वी पोटात कोणते औषध गेले होते, हा तो प्रश्न होय. समोरचा रुग्ण शेतमजूर असो वा माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक, त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘औषध काही घेतलं नाही.’ हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नाही, हे मला नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांना फार वेळा समजावून सांगावे लागले आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची वा क्षयाची गोळी त्याच्या लेखी औषध असते, कारण ती कोणा डॉक्टरने लिहून दिलेली असते, तिला वेळ असते, पथ्य असते. परंतु डोके ठणकले, दाढ दुखली, कंबर धरली म्हणून मेडिकलमधून सुटी मागून आणलेली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळलेली गोळी ही त्याच्या दिवसाच्या रहाटीचाच एक भाग असते, आणि तिच्याविषयी कधी जबानी द्यावी लागेल असे त्याच्या स्वप्नातही नसते. वस्तुतः त्वचेवर विकार उठवणाऱ्या औषधांची यादी कोणत्याही ग्रंथात पाहिली, तरी प्रतिजैविके, सल्फा आणि अपस्माराची औषधे यांच्या पंक्तीला वेदनाशामके बसलेली आढळतात.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील एका सरकारी रुग्णालयात गेली. दसरा उलटून कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येऊन गावाबाहेर कोपी घालून राहत, आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत आमच्या विभागातल्या केसपेपरांवर परजिल्ह्यातील गावांची नावे दिसू लागत. भल्या पहाटे फडात उतरायचे, कमरेत वाकून कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, आणि गाडी रात्री आली तर रात्रीही ती भरायची, असे ते काम. त्यात मुकादमाकडून हंगामापूर्वीच घेतलेली उचल फेडावयाची असल्यामुळे एक दिवस जरी खाडा पडला, तरी त्याचा भुर्दंड कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबात मांडला जाई. अशा माणसाने दुखणे थांबवण्यासाठी गोळी घेतली, तर तिला व्यसन किंवा अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी कधी सहमत होऊ शकले नाही. ती गोळी त्याचा दिवसाचा रोज वाचवते, हे त्याचे गणित बिनचूक असते. त्या गणितात एका रकमेची नोंद राहून गेलेली असते, आणि ती त्याला दाखवून देणे हे मला माझे काम वाटत आले.

कायद्याने पाहता, १९४५ च्या औषध नियमांतील ‘के’ अनुसूचीप्रमाणे एक हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या गावात पॅरासिटॅमॉल व ॲस्पिरिन यांच्या गोळ्या परवान्याविना विकता येतात; दूरच्या खेड्यातील माणसाला ताप आल्यास हाताशी काहीतरी असावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. डायक्लोफेनॅक मात्र ‘एच’ अनुसूचीत आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज ते देऊ नये असा नियम आहे. प्रत्यक्षात किराणा दुकानातल्या एकाच बरणीतून दोन्ही निघत, आणि पाकिटातून कात्रीने एकेक गोळी कापून देण्याची रीत असल्यामुळे नावाचा भाग दुकानदाराकडे आणि गोळी गिऱ्हाइकाकडे, अशी वाटणी होई. माझ्यासमोर येणाऱ्या कित्येक रुग्णांना औषधाचे नाव सांगता आले नाही, ते निरक्षर होते म्हणून नव्हे. त्यांच्या हाती नाव कधी आलेच नव्हते.

अशाच एका टोळीतली सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई एका हिवाळ्यात माझ्याकडे आली. खालच्या ओठावर एक, उजव्या मनगटावर एक आणि मांडीवर एक असे पाटीच्या दगडाच्या रंगाचे, वाटोळे, काठ रेखीव असलेले डाग होते. दर महिन्याला तेच डाग त्याच जागी लाल होत, त्यांची आग होई, कधी फोडही येई. आठवडाभराने ते बसत आणि मागे रंग अधिक गडद होऊन राही. गावच्या डॉक्टरने गजकर्णाचे मलम दिले होते. सासूचे म्हणणे असे, की ओठ मिश्रीने काळा झाला आणि बाकीचे विटाळाच्या दिवसांत शिवाशिव न पाळल्यामुळे उठते. औषध विचारले तर ‘काही नाही’. मी तिला औषधाविषयी विचारणे सोडून दिले आणि पाळीत पोट दुखते का, असे विचारले.

‘दुखतं तर. पार मोडून पडती मी.’

‘मग फडात कशी जाता?’

‘ती गोळी घेती की, डॉक्टरीणबाई. तिच्याबिगर कोयता उचलंल का?’

पदराच्या गाठीतून तिने कागदाची घडी काढली. तीत दोन गोळ्या होत्या आणि कापलेल्या पाकिटाच्या कडेवर नावातली पहिली काही अक्षरे शिल्लक होती. ते मेफेनॅमिक ॲसिड होते, पाळीच्या वेदनेवर आपल्याकडे घरोघर घेतले जाणारे. सासूबाईंनी महिन्याचा मेळ बरोबर हेरला होता, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. फक्त कारण पाळी हे नसून पाळीत घेतलेली गोळी हे होते.

या विकारात त्वचेचा एक ठरावीक भागच त्या औषधाची आठवण धरून राहतो. पहिल्या खेपेनंतर रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी विशिष्ट जातीच्या टी-पेशी त्या डागाच्या बाह्यत्वचेच्या तळाशी ठाण मांडून बसतात, आणि तेच औषध पुन्हा शरीरात आले, की चौकीवरच्या पहारेकऱ्यांनी ओळखीचा गुन्हेगार दिसताच धाव घ्यावी त्याप्रमाणे अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत तेथल्या पेशींवर तुटून पडतात. त्या झटापटीत बाह्यत्वचेतील रंगद्रव्य गळून खालच्या थरात उतरते. तेथून ते सहजासहजी निघत नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तो डाग महिनेच काय, वर्षेही टिकतो. या विकाराची पहिली नोंद एका वेदनाशामकामुळेच झाली. १८८० च्या दशकात जर्मनीत तयार झालेले अँटिपायरिन हे ताप व वेदना यांवरचे औषध युरोपभर पसरले. १८८९ मध्ये बोर्न्स याने त्यामुळे उठणाऱ्या अशा डागांचे वर्णन केले, आणि १८९४ मध्ये पॅरिसच्या ब्रोक याने हे डाग पुनःपुन्हा त्याच स्थानी येतात या लक्षणावरून विकाराला नाव दिले. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, औषधे बदलली, तरी फडातल्या त्या बाईच्या ओठावर ब्रोकने वर्णिलेलेच चित्र होते.

ओठ आणि हात यांच्याप्रमाणे जननेंद्रिय हेही या डागाचे आवडते स्थान आहे, आणि तेथे तो उठला म्हणजे मामला केवळ वैद्यकाचा राहत नाही. बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारा एक हमाल असाच आला होता. माझ्याशी तो बोलेना, म्हणून माझ्या पुरुष सहकाऱ्याने त्याला पडद्याआड नेऊन हकीकत काढून घेतली. शिस्नाग्रावर वरचेवर जखम होत होती. गुप्तरोग म्हणून त्याला इंजेक्शनांवर इंजेक्शने टोचण्यात आली होती. रक्ताच्या तपासण्या निर्दोष येऊनही घरी कोणाचा विश्वास बसत नव्हता, आणि त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. आवक अधिक असलेल्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी तो अंगदुखीची एक गोळी घेई, आणि जखम नेमकी त्या रात्रीनंतरच्या सकाळी असे. ते औषध बंद झाल्यावर जखम पुन्हा आली नाही. तेवढ्याने काम भागले नाही. त्याच्या बायकोला बोलावून, तिच्या भावाच्या देखत, हा विकार कोणाच्या संसर्गाने झालेला नाही आणि हिलाही त्याची बाधा नाही, असे मी सांगितले, आणि तिच्या भावाच्या आग्रहावरून तसे रुग्णालयाच्या कागदावर शिक्क्यानिशी लिहून दिले. त्वचारोगतज्ज्ञाने घरगुती भांडणात पडू नये असे म्हणणारे आहेत. ज्या भांडणाचे मूळ त्वचेवर आहे, त्यात आम्ही पडावयाचे नाही तर कोणी?

अंगावर पित्त उठणे हा दुसरा, याहून कितीतरी सामान्य प्रकार. गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, घरची माणसे आमसुलाचे पाणी लावतात, आणि बव्हंशी काही तासांत ते बसतेही, म्हणून कोणी मूळ शोधीत नाही. ज्याला पूर्वीपासून वारंवार पित्त उठते, अशा माणसाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काही घेतले, तर त्याचे पित्त उसळण्याचा संभव विशेष असतो. ही औषधे वेदना उत्पन्न करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची निर्मिती रोखतात; परंतु तीच वाट अडल्यामुळे काही जणांच्या शरीरात ल्युकोट्रिन नावाच्या, सूज आणणाऱ्या द्रव्यांचा लोंढा वाढतो. येथे रुग्णाने समजून घ्यावयाची गोष्ट अशी, की डागाच्या विकारात दोषी असते ते एक औषध व त्याची जवळची रासायनिक भावंडे. या पित्तात मात्र पुष्कळदा दोष औषधाच्या कार्यपद्धतीचा असतो, आणि त्यामुळे ॲस्पिरिन सोसत नाही म्हणून आयबुप्रोफेन घेणाऱ्याची आगीतून उठून फुफाट्यात अशी गत होते. अशांना बेताच्या मात्रेतले पॅरासिटॅमॉल बहुधा सोसते, तरी पहिली मात्रा डॉक्टरच्या नजरेखाली घेतलेली बरी. पित्ताबरोबर आवाज बसला, श्वास लागला, तर आमसुलात एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

संयुक्त गोळ्यांनी हे काम फार अवघड करून ठेवले आहे. एका गोळीत दोन, तीन, कधी चार द्रव्ये. एकाच द्रव्याची व्यापारी नावे असंख्य. रुग्ण प्रामाणिकपणे एक नाव टाळतो आणि तेच द्रव्य दुसऱ्या नावाने विकत घेतो. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ ठरावीक मिश्रणांवर बंदीचा हुकूम काढला, त्यांत वेदनाशामकांची मिश्रणेही होती. न्यायालयीन वाद पुष्कळ झाले, परंतु त्या हुकमामागची चिंता रास्त होती, असे माझे स्पष्ट मत आहे. जे दुखणे एका द्रव्याने थांबते, त्याला तीन देण्याने रुग्णाचा लाभ वाढत नाही, आणि पुढे त्वचेने तक्रार केली तर तिघांपैकी गुन्हेगार कोण हे ठरवणे दुर्घट होते.

मलमांविषयी एवढेच सांगते, की किटोप्रोफेनचे मलम चोळून उन्हात काम करणाऱ्याच्या त्या भागावर तीव्र दाह उठू शकतो. सुईचा आग्रह धरणाऱ्यांना मात्र अधिक सांगितले पाहिजे. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कुल्ल्यात दिल्यावर क्वचित लगेच असह्य ठणका सुरू होतो, त्वचा पांढरी आणि मग निळसर-जांभळी जाळीदार होते, आणि पुढे तेथला मांसल भाग मरून खोल व्रण पडतो. निकोलाऊ याने १९२५ मध्ये बिस्मथच्या इंजेक्शनांनंतर वर्णिलेला हा विकार आपल्याकडे आता वेदनेच्या सुईनंतर दिसतो. तो नेहमीच देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने होतो असे नाही, म्हणूनच पोटात गोळी घेता येत असताना सुई मागू नये.

या सर्वांपलीकडचा आणि जिवावर उठणारा प्रकार म्हणजे त्वचाच सुटून येणे. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी दोन मुलांच्या रूपाने त्याचा एक अवतार नोंदला. १९५६ मध्ये ॲबरडीनच्या ॲलन लायल याने दुसरा, अधिक भयंकर अवतार वर्णिला आणि त्याला पोळल्यासारखी त्वचा असे म्हटले. आज दोन्ही एकाच रोगाच्या पायऱ्या मानल्या जातात : शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी त्वचा सुटली तर पहिली, तीस टक्क्यांहून अधिक सुटली तर दुसरी, आणि त्या दुसरीत सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. हा रोग विरळ आहे, हे मी भीती वाढू नये म्हणून आवर्जून सांगते.

इचलकरंजीकडचा एक यंत्रमाग कामगार या अवस्थेत आमच्याकडे दाखल झाला. तोंड, डोळे, जननेंद्रिय सोललेले. पाठीची कातडी बोट लागताच सरकत होती. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसून सारखे एकच वाक्य म्हणत होती : ‘मीच गोळी दिली, बाई, मीच दिली.’ दोन दिवसांपूर्वी त्याला कणकण आली, घसा धरला, डोळे चुरचुरू लागले, म्हणून तिने घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर चट्टे आले. वरवर पाहता आरोप सिद्ध होता. परंतु या रोगाचा क्रम जाणणाऱ्याला ठाऊक असते, की ताप, घसा आणि डोळ्यांची आग ही त्वचा सुटण्याच्या एक ते तीन दिवस आधी येणारी रोगाचीच पूर्वचिन्हे आहेत. त्यांच्यावर दिलेली गोळी रोग सुरू झाल्यावर आलेली असते, आणि खरा गुन्हेगार बहुधा एक ते चार आठवडे आधी पोटात जाऊ लागलेला असतो. म्हणून तपास मागे नेला. खांदा आखडला म्हणून तीनएक आठवड्यांपासून तो पिरॉक्सिकॅम घेत होता, आणि वेदनाशामकांपैकी ऑक्सिकॅम वर्गातील औषधांचा या रोगाशी संबंध सर्वांत दृढ आहे. पॅरासिटॅमॉल सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच्याविषयीही विरळ परंतु गंभीर त्वचाविकारांची ताकीद दिली आहे. येथे मात्र तारखा त्याच्या विरुद्ध जात नव्हत्या. त्या बाईला व्हरांड्यात नेऊन मी कॅलेंडरावर बोट ठेवून एकेक दिवस मोजून दाखवला. ती किती समजली सांगता येत नाही, पण रात्री प्रथमच जेवली, असे सिस्टरांनी सांगितले.

त्याला वाचवले ते शुश्रूषेने. अशा रुग्णाला चिकटपट्टी लावायची नाही, चादर ओढायची नाही, कुशीवर वळवताना चौघांनी उचलायचे. आम्ही त्याला केळीच्या पानांवर निजवला. पान गुळगुळीत, गार, न चिकटणारे. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाच्या पट्टीचा उपयोग मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी शास्त्रीय रीतीने अभ्यासून प्रसिद्ध केला आहे, आणि ज्या रुग्णालयात महागडी आच्छादने मिळत नाहीत तेथे या पानाची योग्यता मी डोळ्यांनी पाहिली आहे. वॉर्डातल्या मावशी रोज सकाळी मंडईतून पाने आणीत, ती धुऊन, वाफवून, पुसून अंथरीत. डोळ्यांचे वैद्य दिवसातून दोनदा येऊन पापण्या बुबुळाला जखडू नयेत म्हणून खटपट करीत. तो जगला, नवी त्वचा आली, परंतु अश्रुग्रंथींनी साथ सोडली, आणि आजन्म डोळ्यांत थेंब घालीत राहणे त्याच्या वाट्याला आले. मागाच्या खात्यात तंतूंची धूळ उडते, तेथे त्याला पुन्हा उभे राहता आले नाही.

या अनुभवांतून माझी एक सवय दृढ झाली. निदान पक्के होताच रुग्णाच्या हाती मी एक लहानसा दाखला देते. त्यावर द्रव्याचे नाव देवनागरीत, कंपनीचे नव्हे. त्याच्या जवळच्या भावंडांची नावे. काय झाले व कोणत्या साली. आणि कोणते औषध चालते, हेही, कारण काय घ्यायचे नाही एवढेच सांगितलेला माणूस पुढच्या दुखण्यात पुन्हा बरणीकडेच वळतो. फडातल्या त्या बाईने आपला दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून पोथीत ठेवला आणि पुढल्या हंगामात मला दाखवायला आणला. दाखल्याची दुसरी प्रत रुग्णालयाच्या दप्तरात न कोंडता वर पाठवली पाहिजे. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग त्याचे केंद्र आहे. त्याच नोंदी तपासून आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनॅमिक ॲसिडविषयी इशारा काढला : त्याच्यामुळे ताप, सर्वांगावर पुरळ, गाठी आणि यकृतासारख्या अवयवांना इजा असा गंभीर विकार संभवतो, आणि तो औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. ठिकठिकाणच्या वैद्यांनी आणि रुग्णांनी वेळ काढून भरलेल्या कागदांवर तो इशारा उभा आहे.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. दुखण्यावर घेतलेली गोळी हे औषध आहे. तिचे पाकीट गोळ्या संपेपर्यंत नावाच्या बाजूने जपून ठेवा, दुकानदाराने कापून दिले तर नाव लिहून मागा, आणि अंगावर काही उठले तर मागच्या दोन महिन्यांत जे जे पोटात गेले ते सर्व डॉक्टरसमोर मांडा. डॉक्टरने विचारले नाही, तरी सांगा. ओठ, डोळे वा तोंड सोलवटले, किंवा पुरळाबरोबर ताप आला, तर ती गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णालयात जा. दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. सामान्य नागरिकाने भरावयाचा नमुना मराठीतही मिळतो, आणि त्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत.